सायलेन्सर घरी बनवा, पण आवाज करू नका

भररस्त्यात सायलेन्सर ओळीने मांडलेत, शेजारी पोलीस उभे आहेत आणि सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरतोय. हा फोटो आता आपल्या सगळ्यांचा पाठ झालाय. मुंबई, पुणे, नागपूर... शहर बदलतं, साहेब बदलतात, फोटो तोच. तो बघून लोकांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "बरं झालं, झोपेचं खोबरं केलं होतं कार्ट्यांनी." दुसरा म्हणतो, "पोरांच्या हौसेवर कसला रोलर फिरवता, आधी खड्डे बुजवा!"

मी दोन्ही तटांत आहे, आणि हीच माझी अडचण आहे. कारण मी स्वतः एका जुन्या मोटरसायकलचा सायलेन्सर घरी बनवलाय.

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच चहाला उठावं. जुन्या गाडीचा सायलेन्सर घरी बनवणं हा वेडेपणा नाही, चांगला उद्योग आहे. फक्त त्याची परीक्षा एकच: नवी नळी जुनीपेक्षा शांत आहे का? असेल तर तुम्ही काहीतरी बनवलंत. नसेल तर तुम्ही फक्त पाईप कापलात, आणि त्याला अक्कल लागत नाही, हॅक्सॉ लागतो.

आता सविस्तर.

गाडी आहे यामाहा आरएक्स १००. मामाची, १९९३ ची, एमएच-०१ पासिंग. ज्यांचा जन्म नव्वदीनंतरचा आहे त्यांच्यासाठी: ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ७५०० आरपीएमला ११ हॉर्सपॉवर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. १९८५ ला भारतात आली, १९९६ ला बंद झाली. कॉलेजच्या गेटवर ही गाडी उभी असली की मालक कोण याची चौकशी व्हायची. आज तीस वर्षांनंतरही काळाचौकीच्या सिग्नलला बाजूचा रिक्षा... सॉरी, इथे रिक्षा नाहीत, बाजूचा टॅक्सीवाला काच खाली करून विचारतो, "देणार का?" नाही देणार.

गाडी टिकली, सायलेन्सर टिकला नाही. मुंबईचा पाऊस आणि शिवडीकडून येणारी खारी हवा यांच्यापुढे पत्रा किती वर्षं तग धरणार? मूळ सायलेन्सरला दोन ठिकाणी ठिगळं लावून झाली आहेत. कंपनीचा अस्सल नवा मिळणं दुर्मिळ. बाजारात "ओरिजिनलसारखा" म्हणून जे मिळतं त्यात "सारखा" हा शब्दच काय तो ओरिजिनल. पत्रा पातळ, आतली रचना रामभरोसे. मग विचार केला, आपणच का बनवू नये?

इथे थोडं विज्ञान सांगणं भाग आहे. घाबरू नका, चिंचपोकळी स्टेशनवरून सांगतो.

टू-स्ट्रोक इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच दारं असतात, पिस्टन खाली गेला की उघडतात, वर आला की बंद होतात. जळालेला धूर बाहेर जायचं दार आणि ताजं मिश्रण आत यायचं दार काही काळ एकाच वेळी उघडं असतं. म्हणजे संध्याकाळच्या लोकलचा डबा. उतरणारे उतरतायत, चढणारे चढतायत, आणि या गडबडीत नुकताच चढलेला एखादा बिचारा उतरणाऱ्यांच्या लोंढ्याबरोबर परत फलाटावर. तो बिचारा म्हणजे तुमचं न जळलेलं पेट्रोल. टू-स्ट्रोक धूर काढतो, अॅव्हरेज देत नाही, याचं मोठं कारण हेच.

आता यावर उपाय काय? दार तर लवकर बंद करता येत नाही. पण नळीचा आकार नीट ठेवला तर नळीच हे काम करते. धूर सुटतो तेव्हा दाबाची एक लाट नळीतून आवाजाच्या वेगाने पुढे जाते. नळी हळूहळू रुंद होत गेली की त्या लाटेतून एक उलटी, ओढणारी लाट मागे येते आणि सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून काढते. पुढे नळी परत अरुंद झाली की तिथून ढकलणारी लाट मागे येते, आणि बाहेर निसटलेल्या ताज्या मिश्रणाला दार बंद व्हायच्या आत परत सिलिंडरमध्ये कोंबते. गाडी सुटता सुटता दारावर लटकलेल्यांना मागून कुणीतरी "आत चला, आत चला" म्हणत ढकलतो ना, अगदी तसं. पोट फुगलेल्या या नळीला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात.

हे शास्त्र पक्कं केलं वॉल्टर काडेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने. पूर्व जर्मनीतली एमझेड ही कंपनी, पैशाची चणचण, सामानाची मारामार, आणि त्या परिस्थितीत या माणसाने १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या इंजिनातून २५ हॉर्सपॉवर काढून दाखवली. म्हणजे लिटरला २००. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. त्याच वर्षी त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या सुझुकीकडे घेऊन गेला. १९६२ ला ५० सीसीचं विश्वविजेतेपद डेग्नर आणि सुझुकीने जिंकलं. पुढे जपानी टू-स्ट्रोकनी जग व्यापलं. आपल्या नाक्यावरच्या आरएक्सच्या नळीत काडेनसाहेबांचा हिशेब असा फिरून फिरून आलेला आहे.

हिशेब म्हणजे तरी काय? आपल्या भाषेत सांगायचं तर पिंग. लाट गेली, परत आली, किती वेळ लागला? ७५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२५ फेरे, एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद. धुराचं दार समजा ३६० पैकी १७० अंश उघडं राहतं, म्हणजे साधारण पावणेचार मिलिसेकंद. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला पाचशे मीटरच्या थोडी वर धावते. तेवढ्या वेळात जाऊन परत यायचं तर एका बाजूचं अंतर भरतं सुमारे ९६ सेंटीमीटर. झालं! नळीची लांबी मिळाली. पोर्टचे अंश मात्र प्रत्येकाने आपल्या इंजिनावर डिस्क लावून मोजावेत, दुसऱ्याचे उचलू नयेत.

आता गंमत बघा. हाच हिशेब ६५०० आरपीएमला केला तर लांबी येते १११ सेंटीमीटर. म्हणजे नळी पंधरा सेंटीमीटर लांब केली की ताकद खालच्या आरपीएमला येते. रेसवाले नळी आखूड करतात, कारण त्यांना वरचा पट्टा हवा. मला घोडपदेव, भायखळा, लालबाग या त्रिकोणात फिरायचंय. साडेसात हजारला गाडी नेईपर्यंत पुढचा सिग्नल येतो. मी लांब केली. हा निर्णय मी घेतला, कंपनीने नाही, दुकानदारानेही नाही. घरी बनवण्यातली खरी मजा ही आहे. वस्तू आपल्या गल्लीच्या मापाची होते.

आणि याच हिशेबातून एक गैरसमज कायमचा मोडतो. "जाळी काढली की पिकअप वाढतो." ठणाणा! आतली जाळी काढली की मागची रचना बिघडते आणि खालची ताकद जाते. आवाज वाढल्यामुळे स्वार जोरात पिळतो, आणि पिळल्यामुळे गाडी पळते. श्रेय मात्र काढलेल्या जाळीला. टू-स्ट्रोकच्या शेवटच्या बारीक नळीचं भोकसुद्धा मापाचं असतं. मोठं केलंत तर दाब टिकत नाही, फार बारीक केलंत तर उष्णता कोंडते आणि पिस्टनला भोक पडायची पाळी येते. ज्याला "फ्री फ्लो" म्हणतात तो पुष्कळदा फुकटचा फ्लो असतो, तेवढंच.

बरं, बनवायचं कसं आणि कुठे? काळाचौकीत राहण्याचा एक फायदा आहे जो कुठल्याच बिल्डरच्या ब्रोशरमध्ये छापत नाहीत. चालत गेलं तर रे रोडचं दारूखाना आहे. जहाजं तोडायचा धंदा, लोखंडाचे व्यापारी, पत्रा, पाईप, प्लेट, जे मागाल ते वजनावर. हत्यारं हवीत तर मस्जिद बंदरला नागदेवी स्ट्रीट. जुन्या गाडीचा एखादा भाग हवा तर कुर्ल्याचं भंगार मार्केट. ऑनलाइन मागवून दोन दिवसांत येईल त्याआधी इथे माणूस वस्तू हातात घेऊन, वाकवून, वाजवून, दुकानदाराच्या दोन शिव्या खाऊन परत येतो.

मी ०.९ मिलिमीटरचा, म्हणजे वीस गेजचा सीआर पत्रा घेतला. जीआय घेऊ नका, स्वस्त वाटला तरी. त्यावर जस्ताचा मुलामा असतो, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डरलोक हे अनुभवाने जाणतात.

मग कोन काढायचे. रुंद होणारी नळी म्हणजे शंकू, आणि शंकू उलगडला की पंख्याचा आकार होतो. ३८ मिलिमीटरपासून ७६ मिलिमीटरपर्यंत रुंद होणारा, २५० मिलिमीटर लांबीचा तुकडा हवा असेल तर आतली त्रिज्या सुमारे २५१, बाहेरची ५०१ आणि पंख्याचा कोन २७ अंशांच्या किंचित वर. दहावीची भूमिती, दुसरं काही नाही. पुठ्ठ्यावर काढा, कापा, गुंडाळा, चिकटपट्टी लावा, गाडीखाली धरून बघा. सेंटर स्टँडला अडतंय, किक मारताना पायाला लागतंय, हे सगळं पुठ्ठ्यातच कळतं. पत्रा कापायच्या आधी माझ्याकडे पूर्ण पुठ्ठ्याचा सायलेन्सर तयार होता. घरच्यांनी तो बघून "गणपतीचं डेकोरेशन यंदा लवकर?" असं विचारलं.

आता "घरी" या शब्दाबद्दल. आपली घरं ती काय! पुठ्ठा, आखणी, पत्र्याची कात्री, कानस, लोखंडी पाईपवर पत्रा गुंडाळून हाताने गोल करणं, इथपर्यंत घरात आणि गॅलरीत होतं, तेही दुपारी. वेल्डिंग घरात करायचं नाही. पडदे, गॅस सिलिंडर, शेजारी, आणि जिन्याखाली पेट्रोल भरलेल्या दहा गाड्या. तुकडे तयार करून मी घोडपदेवच्या एका फॅब्रिकेटरकडे नेले. त्याने आधी टाके मारले, मग गाडीवर बसवून बघितलं, मग आर्गन वेल्डिंगने शिवण पूर्ण केली. चार शनिवार-रविवार गेले. पैसे? बाजारातल्या बऱ्यापैकी सायलेन्सरपेक्षा थोडे जास्तच. कुणी तुम्हाला "घरी बनवलं की स्वस्त पडतं" असं सांगितलं तर त्याने स्वतःच्या वेळेचे पैसे धरलेले नाहीत असं समजा.

इथपर्यंत सगळे येतात. पोरं इथेच थांबतात आणि किक मारतात. आणि मग काळाचौकीची अख्खी गल्ली जागी होते.

कारण एक्स्पान्शन चेंबर ताकद देतो, शांतता देत नाही. शांतता वेगळी बनवावी लागते. शेवटच्या नळीला पुढे भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती ग्लासवूल घट्ट भरायचं, त्यावर बाहेरचं कवच. लाटेचा जोर त्या तंतूंमध्ये जिरतो. तेल शोषून वूल चिकट होतं, म्हणून ते बदलता येईल असं झाकण करायचं. या तुकड्याला हॉर्सपॉवर नाही, चमक नाही, मित्रांना दाखवण्यासारखं काही नाही. माझे चारपैकी दीड वीकेंड यात गेले. आणि माझ्या मते अख्ख्या कामातला हाच भाग इंजिनिअरिंग म्हणवून घ्यायच्या लायकीचा आहे.

डेसिबलचा हिशेब लोकांना पटकन कळत नाही, म्हणून सांगतो. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दसपट होते. २० वाढले म्हणजे शंभरपट. एखादी गाडी साध्या सायलेन्सरने ७७ डेसिबल करत असेल आणि उघड्या नळीने ९७, तर तो एक पोरगा रात्री साडेबाराला शंभर गाड्यांचा मोर्चा घेऊन तुमच्या खिडकीखालून जातोय. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, रुग्णालयांभोवती शंभर मीटरमध्ये ४०. आणि परळला आपल्याकडे केईएम, टाटा, वाडिया अशी सगळी रांगच आहे. टाटाच्या बाहेर फुटपाथवर झोपलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना विचारा, फ्री फ्लो कसा वाटतो.

काळाचौकीला आवाजाचं काय कौतुक, असं कुणी म्हणेल. मिलचे भोंगे, महागणपतीचे ढोल, मोर्चे, सभा. खरंय. पण गिरणगावाला आवाजाची किंमतही माहीत आहे. आमच्या मजल्यावर एक काका आहेत, साळखात्यात आयुष्य गेलं. शेकडो मागांचा खडखडाट, आठ तासांची पाळी, कानात कापसाचा बोळा असला तर असला. साळखात्यातली माणसं मोठ्याने बोलायची, लोक म्हणायचे भांडखोर आहेत. भांडखोर नव्हती हो, कान गेले होते. काकांना आज मशीन लावूनही नीट ऐकू येत नाही.

आणि याच वस्तीत एक न लिहिलेला नियम होता. तिसरी पाळी करून माणूस सकाळी घरी येऊन झोपला की चाळीतल्या पोरांना दुपारी गॅलरीत धावायची बंदी. "ते रात्रपाळीचे आहेत, आवाज करू नका." एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या लोकांनी एकमेकांची झोप अशी सांभाळली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे भोंगेच थांबले. आता टॉवर आले. पण रात्रपाळी गेली कुठे? वॉर्डबॉय, सिक्युरिटी, कॉल सेंटर, अमेरिकेच्या वेळेला मीटिंगा घेणारे आपण. गिरणी गेली, तिसरी पाळी राहिलीच. तिची झोप सांभाळायची रीत तेवढी गेली.

दुसरी एक गोष्ट गेली ती हाताची. १८८७ मध्ये व्हीजेटीआय निघालं ते याच गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून. आज तिथून बाहेर पडणारी कितीतरी मुलं आपल्यासारखी स्क्रीनसमोर बसतात. त्यात वाईट काही नाही, माझंही पोट त्यावरच आहे. पण ज्या वस्तीत घराघरात फिटर, जॉबर, टर्नर होते तिथे आज सायकलची चेन बसवायला माणूस शोधावा लागतो. म्हणून कुणी पोरगा पत्रा घेऊन बसला तर मला आनंद होतो. त्याच्या हातातली कात्री काढून घेऊ नये असं वाटतं. फक्त त्याला ग्लासवूलपर्यंत न्यावं असं वाटतं.

आता कायदा. मी वकील नाही, पण वाचता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम १९० प्रमाणे आवाजाचं किंवा प्रदूषणाचं मानक मोडलं तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद. दंड कडक आहे आणि असावाच.

मौज म्हणजे १९८९ च्या केंद्रीय मोटर वाहन नियमांतला १२० वा नियम सायलेन्सरची व्याख्या करताना "एक्स्पान्शन चेंबर" हाच शब्द वापरतो, आणि त्याने किंवा इतर मार्गाने आवाज शक्य तितका कमी करावा असं सांगतो. म्हणजे नियमाला आवाजाशी मतलब आहे, आकाराशी नाही.

पण रस्त्यावर काय होतं? तपासणी डोळ्यांनी होते. चकचकीत, वेगळी दिसणारी नळी दिसली की बाजूला घ्या. आणि ज्याने कंपनीच्याच सायलेन्सरची जाळी आतून उपटून टाकलीय तो "ओरिजिनल आहे साहेब" म्हणत निघून जातो. रोलरखाली जातो आकार, गोंगाट जातो पुढच्या नाक्यावर.

माझंच उदाहरण घ्या. आंतरराष्ट्रीय पद्धत सोपी आहे: गाडी उभी, माइक नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, ४५ अंशांत, आणि इंजिन सर्वाधिक ताकदीच्या आरपीएमच्या निम्म्यावर. आरएक्सला म्हणजे ३७५०. गाडीला टॅकोमीटर नाही, म्हणून प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्तातला मीटर लावला. रे रोडच्या एका गोदामाच्या आवारात, मालकाच्या परवानगीने, दोन्ही सायलेन्सर मोजले. फोनचं अॅप म्हणजे काही प्रमाणित यंत्र नव्हे, पण फोन तोच, जागा तीच, दुपार तीच, म्हणून फरकावर विश्वास ठेवायला हरकत नाही. घरची नळी ठिगळं लावलेल्या मूळ सायलेन्सरपेक्षा चार ते पाच डेसिबलने शांत निघाली.

आणि तरीही रस्त्यावर गाडी चालते ती ठिगळवाल्या मूळ सायलेन्सरवरच. कारण तो "कंपनीचा" आहे. जास्त आवाज करणारा कायदेशीर, कमी आवाज करणारा कपाटावर, जुन्या बेडशीटमध्ये गुंडाळलेला. घरी बनवलेला एक नग तपासून, मोजून, मान्य करून घ्यायची सामान्य माणसाला परवडेल अशी वाटच नाही. पुण्याला एआरएआय आहे, पण त्यांची मान्यता हजारोंनी माल बनवणाऱ्या कंपन्यांच्या कामाची. एका मामाच्या एका गाडीच्या एका नळीसाठी तिथे कोण उभं करणार?

जर्मनीत गाडीत केलेला बदल मान्यताप्राप्त तपासनीसाकडे नेता येतो. तो मोजतो, नाक मुरडतो, नापासही करतो. पण पास केला तर कागदावर नोंद होते आणि पोलीस कागद बघून सोडतात. तिथली तपासणी कडक आहे, खर्चिक आहे, पण दार आहे. आपल्याकडे हे अशक्य आहे का? सीएनजी किट बसवलं की आरसीवर नोंद होतेच. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल केला तर त्याचीही नोंद होते. पंधरा वर्षांनंतर जुन्या गाडीचं रजिस्ट्रेशन नव्याने करायला आपण गाडी आरटीओत नेतोच. तिथेच एक प्रमाणित मीटर ठेवा, फी घ्या, आकडा आरसीवर लिहा. आकडा ओलांडला की रस्त्यावर पकडा, मग नळी कंपनीची असो नाहीतर कपाटावरची. पोलिसांच्या हातातही तोच मीटर द्या. सुमैरा अब्दुलाली आणि त्यांचं आवाज फाउंडेशन वर्षानुवर्षं या शहरात मीटर घेऊन हिंडून आकडे मांडतंय. आवाज मोजता येतो, यात रॉकेट सायन्स काही नाही.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. "असं दार उघडलं की पैसे देऊन कुणीही पास होईल." होईल, काही जण होतील. पण आकडा आरसीवर आला की कुठल्याही नाक्यावर दोन मिनिटांत तो खोटा ठरवता येतो. आज तर खोटं ठरवायला आकडाच नाही. "गणपतीत, लग्नात डीजे चालतो, मग आमच्याच गाडीवर का डोळा?" चालू नये, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहेच. सरकारला सूट देता येते ती वर्षातले पंधरा दिवस, तीही मध्यरात्रीपर्यंत. उघडी नळी मात्र ३६५ रात्री विसर्जन काढते. "जुन्या टू-स्ट्रोक भंगारात काढा, प्रदूषण करतात." हा आक्षेप मात्र खरा आहे आणि मी त्याला नीट उत्तर देऊ शकत नाही. नीट जमवलेली नळी तिच्या पट्ट्यात पेट्रोल वाया जाणं कमी करते, पण पट्ट्याबाहेर नाही. म्हणून ही गाडी माझी रविवारची आहे, रोजची नाही. रोज चिंचपोकळीहून लोकल.

शेवटी, कुणाला हे वाचून पत्रा आणायची हुक्की आली असेल तर तीन नियम, माझ्याकडून फुकट.

एक. आधी आवाज मोजा, मग गाडीला हात लावा. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्याला अर्थ नाही.

दोन. नवी गाडी सोडून द्या. बीएस-६ गाडीच्या नळीत कॅटॅलिस्ट आणि सेन्सर असतात, ते काढून तुम्ही शिकत काही नाही, फक्त हवा घाण करता. जुनीच घ्या, जिचे भाग मिळत नाहीत अशी.

तीन. ग्लासवूलचे पैसे पत्र्याच्या आधी बाजूला काढून ठेवा. बजेट संपलं की पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते.

काकांना मी गोदामात नेऊन दोन्ही सायलेन्सर ऐकवले होते. मशीन कानात नीट बसवून त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली. म्हणाले, "मला दोन्ही सारखेच रे. पण तुझ्या काकूला विचार, ती झोपते ना रस्त्याच्या बाजूला." काकूंची परवानगी मिळाली आहे. आरटीओची बाकी आहे.